चुलीत भाजलेला करांदा

सन दोन हजार चार, डिसेंबर महिना. मला त्रेसष्टावं चालू होतं. मंडईत दाराशीच माझा गाळा होता, कंदमुळांचा. सुरण, रताळी, अळकुड्या, कोनफळ आणि हंगामात करांदे. कांदा-बटाटा कुणीही विकतो, कंद विकायला हात लागतो. सुरण खाजरा निघेल की नाही ते मी नुसतं बोट लावून सांगायचो. शाळा मी दुसरीत सोडली. का सोडली तो विषय वेगळा, आणि त्याची मला लाजही नाही. वाचतो मी, ओळीखाली बोट धरून, सावकाश. सही मात्र झोकात करतो. ती गिरवायला मला एक अख्खा पावसाळा लागला होता.

हे आधी सांगतोय, कारण पुढे जे झालं ते ह्याच मिजाशीतून झालं.

नात तेव्हा पाचवीत होती, सदाशिव पेठेतल्या शाळेत. मुलगा आणि सून दोघं नोकरीला, त्यामुळे पोर माझ्याच हाताखाली वाढली. शाळा सुटली की गाळ्यावर यायची आणि रताळ्यांच्या पोत्यावर बसून अभ्यास करायची. वर्गात सांगायची, माझ्या आजोबांना सगळ्या भाज्या माहीत आहेत. मला हे तिच्या मैत्रिणींकडून कळलं होतं आणि ऐकून मी दोन दिवस गिऱ्हाइकांशी गोड बोललो होतो.

गाळ्यासमोर पायरीच्या कडेला दर रविवारी एक कातकरी म्हातारी बसायची. मुळशीच्या पलीकडच्या डोंगरातून पहिल्या एसटीनं यायची. फडक्यावर चार वाटे मांडायची. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, करटुली, थंडीत आवळे आणि कसले कसले कंद. माझं तिच्याशी भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. ‘टोपली मागं घे’ एवढंच मी म्हणायचो आणि ती टोपली मागं घ्यायची. बारा वर्षांत आमचं ह्यापलीकडे बोलणं झालेलं नव्हतं.

नातीच्या वर्गाच्या बाई रविवारी दहाच्या सुमाराला मंडईत यायच्या. म्हातारीसमोर उकिडव्या बसायच्या आणि कुठली भाजी कशी करायची ते वहीत लिहून घ्यायच्या. शिकलेली बाई बिनशिकलेल्या बाईचं लिहून घेते, ह्याचं मला हसू यायचं. त्यातूनच सहल निघाली. पोरांना म्हातारीच्या रानात न्यायचं, तिनं रानातलं खाणं आणि रानातली औषधं दाखवायची. बाईंनी एक पालक सोबत मागितला, तेव्हा नातीनं घरात न विचारता माझं नाव देऊन टाकलं. मीही गेलो. म्हटलं, भाजीतलं मला कोण शिकवणार?

शनिवारी सकाळी बसनं निघालो. रस्ता संपला तिथं म्हातारी उभी होती. मंडईत बसलेली बाई आणि ही बाई एकच, असं वाटेना. तिथं ती मान खाली घालून बसायची. इथं पुढे चालत होती आणि चाळीस पोरं, बाई आणि मी तिच्या मागून. दगडीपाला चुरगळून तिनं एका पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर पिळला. कुड्याची साल दाखवली, पोट बिघडलं की ती कशी देतात ते सांगितलं. एका झुडपाशी थांबली आणि पीळ पडलेल्या वाळक्या शेंगा तोडून पोरांच्या हातावर ठेवल्या. मुरुडशेंग. आमच्या घरात प्रत्येक तान्ह्या पोराला ती उगाळून चाटवली आहे, नातीला मी स्वतः चाटवली आहे. झाड मात्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. नातीनं माझ्याकडे पाहिलं. “आजोबा, तुम्हाला माहीत होतं?” मी म्हटलं, हो. पहिलं खोटं ते.

तिच्या खोपटापुढे चूल होती. चुलीवर तिनं आदल्या दिवशीपासून करून ठेवलेला कंद होता, पांढऱ्या चकत्या, मीठ लावलेल्या. चुलीमागे टोपल्यात तोच कंद कच्चा ठेवला होता, पोरांना दाखवायला. मी टोपल्यात हात घातला आणि एक उचलला. खडबडीत, तपकिरी, बटाट्याएवढा. करांदा. आंधळ्यानंही ओळखला असता.

म्हातारी पोरांना सांगत होती की हा असाच खायचा नाही. पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, पाणी फेकायचं, पुन्हा उकडायच्या, मग टोपलीत भरून रातभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या. मग पुन्हा एकदा उकडायच्या. मला राहवलं नाही. मी पोरांच्या पुढे जाऊन म्हटलं, एवढा खटाटोप कशाला, हा करांदा आहे, मीठ घालून उकडायचा, सोलायचा आणि खायचा. तीस वर्षं विकतोय मी.

म्हातारी हसली. वाईट हसली नाही, पण हसली. “करांदाच हाय, शेट. पर ह्यो रानचा. घरचा गोड, रानचा कडू. ह्याला डुक्कर बी त्वांड लावीत न्हाय.”

चाळीस पोरं हसली. त्यात माझी नातही होती. आणि बाई, अगदी हळू आवाजात आणि अगदी नीट शब्दांत म्हणाल्या, “आजोबा, आज आपण ऐकायला आलोय.”

पुणेरी बोलणं मला नवीन नाही. मंडईत त्याच्यावरच माझं पोट. पण ते दुसऱ्याला मारायचं असतं. स्वतःला लागलं की कळतं.

पोरांनी चकत्या खाल्ल्या. मीही एक खाल्ली. बेचव होती, पिठूळ, बटाट्याच्या जवळपासची, तरी वाईट नव्हती. नंतर म्हातारी सगळ्यांना घेऊन वरच्या अंगाला हिरड्याची झाडं दाखवायला निघाली. मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात, मी इथंच बसतो. गुडघे दुखत नव्हते. नात म्हणाली, आजोबा एकटे कसे बसतील, मी थांबते. बाईंनी तिला थांबू दिलं.

चुलीत निखारे होते. मी टोपल्यातले दोन करांदे घेतले आणि राखेत सारले. नातीला म्हटलं, आता बघ खरा करांदा कसा लागतो. सालं करपली तसे बाहेर काढले, फोडले. आतून पिवळट होते. आमच्या मंडईतल्या करांद्यासारखेच. एक तिच्या हातावर ठेवला, एक मी घेतला.

मी एक घास तोंडात टाकला. कडूजहर. जीभ आत ओढल्यासारखी झाली, घशाला चरचर लागली. नात माझ्याकडे बघत होती. मी चावल्यासारखं केलं आणि चुलीमागं लाकूड घ्यायला वाकलो, तेव्हा घास थुंकून टाकला आणि वर राख सारली. उरलेला करांदा निखाऱ्यात टाकला.

तिनं घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. “कडू आहे, आजोबा.”

तेव्हा मी म्हणायला हवं होतं, थुंक. एकच शब्द. मी स्वतः थुंकलो होतो की. पण मी म्हटलं, “कारलं कडू नसतं? कडू म्हणजे औषध.” खिशात गुळाचा खडा होता, तो तिला दिला. तिनं गुळाला लावून सगळा खाल्ला, शेवटपर्यंत, कारण तिचे आजोबा म्हणत होते.

परतीच्या वाटेवर घाटात तिला पहिली उलटी झाली. मग ओठ सुजले, पोटात कळा. बाईंनी तिला मांडीवर घेतलं. बाकी एकोणचाळीस पोरं ठणठणीत होती, गाणी म्हणत होती, ती गप्प झाली. नात मध्येच डोळे उघडून म्हणाली, “आजोबा, तो चुलीतला...” मी म्हटलं, गप पडून राहा, बोलू नकोस, पाणी पी. बाईंना वाटलं, किती काळजी करतात. पोर गप्प राहिली. नुसती बसमध्ये नाही, पुढेही.

दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं. बाईंनी सांगितलं, रानातला कंद. मी शेजारी उभा होतो. मुलगा आला, सून आली. मुलगा म्हातारीच्या नावानं काय वाटेल ते बोलला. रात्री मुख्याध्यापक आले आणि त्यांनी माझे हात धरून माफी मागितली. म्हणाले, अशा सहली पुन्हा नाहीत. मी त्यांना माफ केलं. हे सांगायला आज लाज वाटते, पण तसंच झालं. मी म्हटलं, असू द्या, तुमचा काय दोष.

दुसऱ्या दिवशी रविवार. पोरीचं पोट थांबलं होतं, सून तिच्याजवळ होती. मी गाळा उघडायला गेलो. वडील गेले त्या दिवशीही मी दुपारी गाळा उघडला होता, असा मी. पायरीशी म्हातारी बसलेली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. मंडईला मात्र सगळं ठाऊक होतं, मुलाच्या तोंडून गेलं असणार. एक गिऱ्हाईक तिचा वाटा हातात घेऊन परत खाली टाकत म्हणालं, नको बाई, आम्हाला घरी पोरंबाळं आहेत. तिनं आजूबाजूला पाहिलं. मग बाई आल्या. रडल्या होत्या बहुतेक. त्यांनी विचारलं, मावशी, कालचा कंद नीट धुतला होता ना?

“तीन पान्यानं. राख घालून. रातभर वढ्यात,” म्हातारी म्हणाली. “कोन पडलं?”

बाईंनी माझ्याकडे हात केला.

ती उठून गाळ्यापुढे आली. बारा वर्षांत पहिल्यांदा. तिनं विचारलं नात कशी आहे, मी म्हटलं बरी आहे. तरी ती उभीच. मग म्हणाली, चुलीमागच्या कच्च्यातले दोन कमी होते. तिला वाटलं होतं, वानरांनी नेले. “पर वानर बी खात न्हाय, शेट.”

एवढं बोलून ती थांबली. मला वेळ दिला तिनं, आता कळतं. मी तराजूचं पारडं पुसत होतो. स्वच्छ पारडं. तिला कळलं होतं का नुसती शंका होती, मला आजही सांगता येत नाही. मी मान वर केली नाही.

तेव्हा ती म्हणाली, “आमच्या घरात रीत हाय. ज्याच्या हातचं खाऊन मानूस पडलं, त्यानं मातीत हात घालायचा न्हाय. कंद काढायचा न्हाय, पाला खुडायचा न्हाय. पडलेलं मानूस पुन्यांदा त्याच हातचं खाईल, तवा हात सुटतो. पोरीला आनाल का येकदा? बरी झाली म्हंजी?”

मी म्हटलं, बघू.

म्हणजे गोष्ट एवढीच होती. नातीनं तिच्या हातचा एक घास खायचा. तो खाल्ल्याशिवाय म्हातारीला रानात हात लावता येणार नव्हता, आणि तिचं रान हेच तिचं पोट. हे मला त्याच क्षणी नीट समजलं. समजलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

पुढच्या रविवारी ती आली. फडकं अंथरलं नाही, वाटे मांडले नाहीत. एका गाठोड्यात भाकरी घेऊन आली होती आणि पायरीवर बसून राहिली, बारा वाजेपर्यंत. नात तेव्हा घरीच होती, पंधरा मिनिटांच्या अंतरावर, चांगली हिंडत-फिरत होती. म्हातारीनं विचारलं, पोरगी? मी म्हटलं, मामाच्या गावाला गेली. ती मान हलवून गेली. त्यानंतर आली नाही.

मी स्वतःला सांगत होतो की मुलगा पोरीला पाठवणार नाही, घरात तमाशा होईल. मुलाला मी कधी विचारलंच नाही. पायरीशी जागा रिकामी दिसायला लागली तशी मी माझे रताळ्यांचे दोन क्रेट तिथं सरकवले. मग चार झाले. रिकामी जागा डोळ्याला टोचते. भरलेली टोचणार नाही असं वाटलं होतं.

शेजारच्या गाळ्यावर आलं-लिंबू-मिरची विकणारे चाचा बसत. आमच्या दोघांच्या वडिलांपासूनचा शेजार. चाचा बोलायचे कमी, लिंबू पिळायचे जास्त. जानेवारीच्या शेवटी एक दिवस क्रेटकडे बघत म्हणाले, “जागा चांगली मिळाली, शेठ.” मी क्रेटमधली रताळी सारखी केली. मग म्हणाले, त्यांचा भाचा वाघोलीला एका नव्या बिल्डिंगवर फरशी बसवतो. तिथं म्हातारी वाळूची घमेली वाहते. मुकादम तिला परत पाठवत होता, वय बघून, पण ती गेली नाही. भाच्यानं विचारलं, मावशी, मंडई का सोडली? तर म्हणाली, हात बांधलाय.

“कुणी बांधला?” चाचांनी मला विचारलं.

मी गिऱ्हाइकाला सुरण कापून देत होतो. म्हटलं, मला काय माहीत. चाचा परत लिंबं निवडायला लागले.

त्याच आठवड्यात शनिवारी संध्याकाळी नात वही घेऊन आली. शाळेच्या संमेलनासाठी वर्गाचं हस्तलिखित करायचं होतं. प्रत्येकानं सहलीवर एक पान लिहायचं, खाली पालकाची सही घ्यायची, आणि ते बांधून शाळेच्या कपाटात कायमचं ठेवायचं. मुलगा-सून घरी नव्हते. ती म्हणाली, आजोबा, तुम्हीच करा, तुमची सही छान आहे.

मी चष्मा लावला. ओळीखाली बोट ठेवून वाचलं. अक्षर सुरेख होतं. दगडीपाला होता, कुडा होता, मुरुडशेंग होती. मुरुडशेंगेच्या पुढे लिहिलं होतं, हे झाड माझ्या आजोबांना आधीपासून माहीत होतं. आणि खाली, शेवटी: आजींनी दिलेला कंद मी खाल्ला. तो मला बाधला, कारण आजींनी तो नीट धुतला नव्हता.

मी पुन्हा वाचलं. मग तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पेनचं टोपण लावत होती, काढत होती. दहा वर्षांची पोर. तिनं कधी खोटं बोलायचं तर शेंगदाणे चोरून खाल्ले एवढंच. हे वाक्य तिनं माझ्यासाठी लिहिलं होतं. मी तिला एकदाच गप म्हटलं होतं, त्यावर दीड महिना ती गप्प राहिली आणि आता माझं खोटं तिच्या अक्षरात लिहून आणून माझ्यापुढे धरलं होतं.

“बरोबर आहे ना, आजोबा?” तिनं विचारलं.

मी सही केली. झोकात, खालची रेघ ओढून. तिनं वही घेतली, फुंकर घालून शाई वाळवली आणि दप्तरात ठेवली. थँक यू वगैरे काही म्हणाली नाही, एरवी म्हणते. त्या दिवशी आमच्याकडे मुगाची खिचडी होती. पोर जेवली, मला जेवण गेलं नाही. सून आल्यावर विचारत होती काय झालं, तिला म्हटलं पित्त.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी सहाला मी नातीला उठवलं. म्हटलं, कपडे कर, वही घे, आपल्याला वाघोलीला जायचंय. ती लगेच उठली नाही, अंथरुणात बसून म्हणाली, “आजी आहेत का तिथं?” मी म्हटलं, हो. तेव्हा भराभर उठली. तिला कसं कळलं, तर चाचांचं बोलणं तिनंही पोत्यावर बसून ऐकलं होतं.

मनपाच्या थांब्यावरून वाघोलीची बस मिळाली. नगर रस्त्याला तेव्हा दोन्हीकडे शेतंही होती आणि शेतांमधून उभे राहिलेले सांगाडेही. वाघोलीला उतरून चाचांच्या फरशीवाल्या भाच्याची बिल्डिंग विचारत विचारत गाठली. आठ वाजत होते. बाया डोक्यावर चुंबळ ठेवून रांगेनं वर चढत होत्या. म्हातारी शेवटून दुसरी होती. पायऱ्यांना कठडा नव्हता. ती भिंतीला एक हात लावून चढत होती आणि वरून रिकामं घमेलं घेऊन उतरताना तिनं आम्हाला पाहिलं.

मी वाटभर वाक्यं जुळवली होती. सगळी गेली. मी म्हटलं, “मावशी, तुमचा कंद चांगला होता. चुलीमागचे दोन मी घेतले. मी भाजून पोरीला घातले.”

मावशी हा शब्द मी तिला पहिल्यांदा म्हणत होतो. तिनं घमेलं खाली ठेवलं. मागच्या बाया थांबल्या. मुकादम वरून ओरडला, तिकडे तिनं पाहिलं नाही.

“तुमी न्हाय खाल्लं?” तिनं विचारलं.

“थुंकलो.”

“आन पोरीला?”

  नात माझ्या शेजारीच उभी होती. थुंकलो हे तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. तिनं माझा हात धरलेला होता, तो तिनं सोडला. आरडाओरडा नाही, रडणं नाही, नुसता सोडला.

म्हातारीनं हौदावर हात धुतले, कोपरापर्यंत. भिंतीशी ठेवलेलं फडकं सोडलं. नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. तिनं मिरची बाजूला सारली, भाकरीचा तुकडा मोडला आणि नातीपुढे धरला. नात पुढे गेली आणि तिच्या हातातून खाल्ला. मग आपणहून दुसरा मागितला. म्हातारी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.  मी एकटाच बाजूला उभा होतो, वाळूच्या ढिगाजवळ, आणि मला कुणी बस म्हटलं नाही.

शेवटी ती माझ्याकडे वळली. “पोरगी जेवली. माझा हात सुटला. तुमचं तुमी बघा.”

चुंबळ तिनं डोक्यावरून काढून मुकादमाच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि आपलं गाठोडं आणायला गेली. मी विचारलं, मंडईला कधी येणार. ती गाठोडं काखेला मारून रस्त्याकडे निघाली.

बसमध्ये नात खिडकीशी बसली, दप्तर मध्ये ठेवून. मंडईत पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. मी गाळा उघडला नाही. आधी पायरीशी गेलो आणि चारही क्रेट उचलून आत नेले, एकेक करून. चाचा बघत होते. त्यांना आणि आजूबाजूच्या तिघाचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं, कंद मी दिला होता, कच्चा, म्हातारीचा दोष नाही.  एकानं खोकल्यासारखं केलं.

तेवढ्यात बाई आल्या, पिशवी घेऊन, रविवारच्या. त्यांना मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. थुंकल्याचंही सांगितलं, कारण नात शेजारी उभी होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “दीड महिना लागला आपल्याला?” मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, मुख्याध्यापकांना उद्या हेच सांगायचं, माझ्यासमोर. मी त्यालाही हो म्हटलं.

नातीनं न सांगता दप्तरातून वही काढली. मी बाईंकडे पेन मागितलं. पान उघडलं आणि माझी सही खोडली. एक रेघ मारली, मग आणखी एक, खालची झोकदार रेघही गेली. वही नातीला परत दिली. म्हटलं, तू नवीन लिही, जसं झालं तसं, मग मी सही करीन. ती म्हणाली, “बघू.” माझाच शब्द.

पायरीशी क्रेटखालची माती साठली होती, कुजकी रताळी होती. मी चाचांचा झाडू घेतला आणि झाडायला लागलो. तीस वर्षांत मी झाडू हातात धरला नव्हता, ते काम गड्याचं.

“शेठ,” चाचा म्हणाले, “उलटा धरलाय.”

मी झाडू सुलटा केला, आणि फडकं अंथरता येईल एवढी जागा भिंतीपर्यंत झाडून काढली.